वाहून आलेलं कुणाचं?

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थच्या उत्तरेला साधारण २५० किलोमीटरवर ग्रीन हेड नावाचं लहानसं गाव आहे. २०२३ च्या जुलैच्या मध्यावर तिथल्या पुळणीवर एक नळकांडं येऊन पडलं. उंची अडीच मीटरच्या आसपास, रुंदीही जवळपास तेवढीच. वरून घुमटासारखं गोल, रंग जुन्या तांब्याच्या हंड्याचा. गावाकडच्या मोठ्या पाण्याच्या टाकीचं वरचं अर्धं कापून वाळूत उपडं घातलं तर जसं दिसेल तसं. खालची कड फाटलेली, अंगावर शिंपल्यांचे घोस.

पोलिसांनी भोवती पहारा बसवला आणि लोकांना लांब राहायला सांगितलं. रसायनतज्ज्ञांनी तपासणी करून धोका नसल्याचं कळवलं. तोवर अंदाजांचं पीक आलं होतं. पहिला अंदाज एमएच३७० या हरवलेल्या विमानाचा. विमानं जाणणाऱ्यांनी तो लगेच मोडीत काढला, कारण असा भाग त्या विमानात कुठे बसतच नाही. दुसरा अंदाज आपल्याला जवळचा. १४ जुलैला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ उडालं होतं आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच ही वस्तू सापडली. मग काय, चांद्रयानाचा तुकडा पडला!

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असा हा प्रकार. हा अंदाज मोडायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. नळकांड्यावरचे ते शिंपले नीट पाहिले असते तरी पुरलं असतं. तरंगत्या लाकडाला, होडीच्या तळाला, सुटलेल्या बोयाला चिकटून वाढणारे हे जीव, इंग्रजीत ज्यांना बार्नॅकल म्हणतात, दोन दिवसांत घोसाने वाढत नाहीत. त्यांना आठवडे, महिने लागतात. शिवाय बंगालच्या उपसागरापासून पर्थच्या किनाऱ्यापर्यंतचं हजारो किलोमीटरचं अंतर कुठलाही प्रवाह दोन दिवसांत कापत नाही. वस्तूवर तिची कॅलेंडरं चिकटलेली होती, पण फोटो पाहणाऱ्यांची नजर तांबूस घुमटावर खिळली होती.

३१ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केलं की हा बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष आहे. म्हणजे माल भारताचा हे बरोबर निघालं, आणि तरीही चांद्रयानवाल्यांचा अंदाज चूकच होता. चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर गेलं ते एलव्हीएम३, हे पीएसएलव्ही. उत्तरपत्रिकेत आकडा जुळला तरी रीत चुकली असेल तर गणिताचे मास्तर गुण देत नसत, ते मला लहानपणी अन्याय्य वाटायचं. आता वाटत नाही.

किनाऱ्यावर अनोळखी वस्तू दिसली की माणूस ती त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात शोधतो. ग्रीन हेडच्या आधी पाच महिने जपानमध्ये हेच झालं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हामामात्सू शहराच्या किनाऱ्यावर दीड मीटर व्यासाचा लोखंडी गोळा दिसला. बॉम्बशोधक पथक आलं, पट्ट्या बांधल्या गेल्या, क्ष-किरणांनी पाहिलं तर आत पोकळ. याच्या काही दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, अमेरिकेने चीनचा बलून पाडला होता, त्यामुळे हेरगिरीची चर्चा सुरू झाली. कुणी सुरुंग म्हणालं, कुणी गॉडझिलाचं अंडं. गोळ्याला बाहेरून कड्या होत्या. साखळी किंवा दोर अडकवायची कडी असलेला पोकळ लोखंडी गोळा समुद्रात कशाला वापरतात, हे मालवणच्या कुठल्याही तांडेलाने चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं असतं. आणि तिथे रोज पळायला येणाऱ्या एकाने सांगितलं म्हणे, की गोळा महिनाभर तिथेच पडून होता. बलून पडेपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, एवढंच.

इथे थांबून अंदाज करणाऱ्यांची टिंगल करणं सोपं आहे, आणि वैचारिक लेख लिहिणाऱ्याला तो मोह फार होतो. पण मला ते पटत नाही. त्याला कारण आपलं हरिहरेश्वर.

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला १६ मीटर लांबीची एक बोट लागली. आत माणूस नाही आणि तीन एके-४७ रायफली, काडतुसं. जिल्ह्यात नाकाबंदी झाली, राज्यभर सावधगिरीचे आदेश सुटले. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. तेव्हा गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी सभागृहात खुलासा केला. बोटीचं नाव लेडी हॅन, मालकीण एक ऑस्ट्रेलियन महिला. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला इंजिन बिघडलं. मदतीच्या हाकेवरून कोरियन युद्धनौकेने सगळ्यांना वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. मग ती पावसाळी प्रवाहाबरोबर वाहत आमच्या दारात आली.

म्हणजे त्या दिवशी सकाळी लोकांच्या तोंडी जे आलं, 'घातपात', ते चुकलं. पण तो अंदाज वेडा होता का? हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यात आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी आणलेलं आरडीएक्स ज्या शेखाडीला उतरलं, ती याच तालुक्यात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कसाब आणि त्याचे साथीदार 'कुबेर' नावाच्या मच्छीमार बोटीतूनच मुंबईजवळ आले. दोरीला साप समजण्याचा दाखला आपल्याकडे अज्ञानाचा म्हणून दिला जातो, पण त्यात एक गोष्ट गृहीत असते. दोरीत साप त्यालाच दिसतो ज्याने कधीतरी खरा साप पाहिलेला आहे. श्रीवर्धनने पाहिला होता.

शिवाय अंदाज कोण करतो आणि त्यावर पुढे काय करणार आहे, याने फरक पडतो. पोलिसाने वाईटात वाईट धरूनच निघायला हवं. त्याचा अंदाज फुकट गेला तर एका दिवसाची नाकाबंदी वाया जाते, आणि उलट बाजूने चुकला तर काय होतं ते मुंबईने भोगलं आहे. स्टुडिओत बसून बोटीमागचा 'कट' उलगडणाऱ्याला असं काही पणाला लावावं लागत नाही. दोघांचा अंदाज एकच, पण एकाला तो संध्याकाळपर्यंत तपासून मिटवायचा असतो आणि दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत टिकवायचा असतो.

चुकीचे अंदाजही कधीकधी फार हुशार असतात. ग्रीन हेडच्या नळकांड्यावर जे जीव होते त्यांच्या एका जातीचं इंग्रजी नाव गूज बार्नॅकल, म्हणजे हंसाचा बार्नॅकल. लवचीक देठ आणि टोकाला पांढुरका शिंपला, त्यातून पिसांसारखे बारीक पाय बाहेर येऊन पाण्यातलं अन्न गोळा करतात. मध्ययुगीन युरोपात समज होता की एका जातीचे रानहंस यांच्यातूनच जन्मतात. बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्सने हे लिहून ठेवलं आहे. आज हसू येतं. पण त्या माणसांच्या जागी उभं राहून पाहा. ते हंस दर थंडीत येत आणि उन्हाळ्यात नाहीसे होत. त्यांचं घरटं, अंडं, पिल्लू कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण ती घरटी दूर उत्तर ध्रुवाकडे होती. आणि किनाऱ्याला लागलेल्या ओंडक्यांवर लांब मानेचे, चोचीच्या आकाराचे, आत पिसं असलेले हे जीव लटकत. जे दिसत होतं त्याला धरून हा अंदाज बराच तर्कशुद्ध होता. मग त्यात एक लबाडी शिरली. हा हंस समुद्रातून उगवतो, तर तो मासा, तर उपवासाला चालतो! असं म्हणून काही धर्मगुरू तो खात. अखेर १२१५ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांना ते बंद करावं लागलं. आपल्याकडे साबुदाण्याबद्दल मी काही बोलत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ ॲडिसन व्हेरिल यांची गोष्टही अशीच. १८९६ च्या अखेरीस फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनजवळ वाळूत मांसाचा एक प्रचंड गोळा सापडला. तिथल्या डॉक्टरने पाठवलेली वर्णनं आणि फोटो यांवरून व्हेरिल यांनी तो महाकाय ऑक्टोपस ठरवला आणि त्याचं लॅटिन नावही ठेवलं. काही आठवड्यांनी तुकडे हातात आले, ते पाहिले, आणि त्यांनी जाहीरपणे माघार घेतली, की हा देवमाशाचा भाग आहे. गंमत पुढे आहे. व्हेरिल यांनी सोडलेला ऑक्टोपस लोकांनी सोडला नाही. तो पुस्तकांतून शंभर वर्षं पोहत राहिला. १९९५ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये, सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्यांनी देवमासाच असल्याचं दाखवलं. व्हेरिल यांची चूक काही आठवडे टिकली. तिच्यावर प्रेम करणारे शतकभर.

तेव्हा अंदाज बांधण्यावर माझा राग नाही. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. पुळणीवर काही दिसलं की आपण विचारतो, 'हे काय आहे?' या प्रश्नाला कल्पनेचं कुरण मोकळं सापडतं, कारण 'काय'चं उत्तर काहीही असू शकतं.

वेंगुर्ल्याजवळच्या एका पुळणीवर मी दुसरा प्रश्न ऐकला. गणपती होऊन गेले होते, पावसाने नुकती उघडीप दिली होती. उधाणाच्या रेघेवर पावसाळ्याने आणून टाकलेला संसार पसरला होता. एकेकटी चप्पल, नायलॉनच्या जाळ्यांचे हिरवे तुकडे, अनोळखी लिपी छापलेल्या बाटल्या, डांबराचे काळे गोळे. आणि त्यात गुडघाभर उंचीचा, गंजलेला, नारिंगी रंगाचा लोखंडी गोळा, अर्धा वाळूत. आम्ही शहरातले चौघे त्याच्याभोवती उभे राहून डोकं लढवत होतो. एकाने तर लांबून दगड मारून पाहिला. तेवढ्यात जाळं शिवायचं सोडून एक म्हातारे मच्छीमार आले. काका, हे काय असेल, असं आम्ही विचारलं. त्यांनी गोळ्याकडे जेमतेम पाहिलं.

"काय आसा ता मगे बघू. कोणाचा आसा ता आधी सांगा."

मग गोळ्याभोवती फिरून त्यांनी पायाने वाळू सारली, वेल्डिंगची शिवण पाहिली, अंगठ्याने गंज खरवडून कुठे नंबर दिसतो का ते शोधलं. नंबर निम्मा गेलेला. मोठ्या जहाजाच्या नांगरवाडीतला बोया असणार, असं म्हणाले. हात लावू नका, असंही म्हणाले. हात लावला तर पोलीस, पोलीस आले तर पंचनामा, आणि पंचनाम्यात सही करणारा माणूस हंगामाच्या ऐन दिवसांत चार वेळा तालुक्याला जाणार.

त्या प्रश्नात भित्रेपणा आहे असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं की तोच जास्त धारदार प्रश्न आहे. 'काय'चं उत्तर हवेत तरंगू शकतं, 'कुणाचं' म्हटलं की नंबर, शिवण, कागद शोधावे लागतात. २९ जुलै २०१५ ला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्यांना विमानाच्या पंखाचा तुकडा सापडला. २३९ माणसांसह, ज्यांत पाच भारतीय होते, मार्च २०१४ मध्ये नाहीशा झालेल्या त्या एमएच३७० विमानाचाच तो असावा असं जगाने लगेच म्हटलं, आणि या वेळी जग बरोबर होतं. पण फ्रान्सच्या सरकारी वकिलांनी खात्रीने तसं म्हटलं ते ३ सप्टेंबरला, तुकड्याच्या आतल्या एका भागावरचा क्रमांक स्पेनमधल्या कारखान्याच्या नोंदींशी जुळल्यावर. दरम्यानच्या पाच आठवड्यांत नातेवाइकांनी काय धरून चालायचं होतं? 'बहुधा' या शब्दावर कुणाचं तेरावं होत नाही.

'कुणाचं' हा प्रश्न कोकणाला नवा नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता, तहाची कलमं घेऊन. त्यांतलं एक असं, की वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची गलबतं आणि त्यांवरचा माल परत मिळावा. ऑक्झिंडेनने नोंदवलंय की शिवाजी महाराजांनी याला हरकत घेतली. कोकणच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्याला लागलेला माल मालकाला परत जात नाही, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारी तीच मागतील. समुद्राने आणून टाकलं ते किनारा ज्याचा त्याचं, असा तो कायदा. आज ऐकायला कठोर वाटतो, पण त्यात कुणाचं हे आधी ठरलेलं होतं आणि गूढ बनवायला जागा नव्हती.

आकाशातून पडलेल्या मालाचा कायदा याच्या नेमका उलटा आहे. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे अवकाशात सोडलेली वस्तू कुठेही पडली तरी ज्याची होती त्याचीच राहते. १९६८ च्या कराराने ती सापडलेल्या देशाने कळवायची, मागितली तर परत करायची. १९७२ च्या कराराने नुकसानीचा बोजा सोडणाऱ्या देशावर टाकला. १९७८ मध्ये किरणोत्सर्गी इंधन असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि सोव्हिएत संघाने तीस लाख दिले. पश्चिम ऑस्ट्रेलियाला हा अनुभव आधीच होता. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा एस्परन्स गावाच्या आसपास तुकड्यातुकड्यांनी पडली. आपल्याकडेही ती डोक्यावर पडणार म्हणून तेव्हा गावोगाव घबराट होती, हे आमच्या पिढीला आठवत असेल. एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. थट्टाच ती, पण थट्टेत प्रश्न चोख होता.

'काय'च्या कौतुकात 'कुणाचं' हा प्रश्न बुडतो, आणि बुडाला तर बऱ्याच जणांची सोय होते. पीएसएलव्ही १९९३ पासून उडतं आहे. चांद्रयान-१ त्यावर गेलं, मंगळयान त्यावर गेलं, २०१७ मध्ये एका उड्डाणात १०४ उपग्रह त्याने नेले. प्रत्येक वेळी उड्डाण दाखवणाऱ्या वाहिनीवर 'तिसरा टप्पा विलग झाला' अशी घोषणा होते आणि नियंत्रण कक्षात टाळ्या वाजतात. मीही घरी बसून वाजवल्या आहेत. विलग झालेला टप्पा कुठे गेला, हे त्या क्षणी कुणी विचारत नाही. तो समुद्रात पडतो. उड्डाणाआधी जहाजांना आणि विमानांना तशी सूचना दिली जाते, तेव्हा यात चोरी काही नाही. रॉकेट उडवणारे बहुतेक देश असंच करतात. पण बहुतेक तुकडे बुडतात आणि एखादा हलका, तंतूंचा बनलेला, बुडत नाही. तो बुडाला नाही म्हणून तो 'रहस्यमय'. बुडालेल्यांचं काय?

आपण रॉकेट उडवणारे झालो त्यालाही आता बराच काळ लोटला. ग्रीन हेडची बातमी आली तेव्हा आपल्याकडे सूर अभिमानाचा होता, की बघा, आपलं रॉकेट तिकडे! अभिमानाला माझी हरकत नाही. पण हरिहरेश्वरला ऑस्ट्रेलियन बोट आली तेव्हा आपण आधी कुणाची, कशाला, इकडे कशी असं विचारलं होतं. वर्षभरात पारडं उलटं झालं, तर तोच प्रश्न तिकडचा माणूस आपल्याला विचारणार आणि त्याला उत्तर देणं आपल्याकडे लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे प्रमुख रॉजर कुक यांनी सुचवलं होतं की हा तुकडा राज्याच्या संग्रहालयात स्कायलॅबच्या तुकड्यांशेजारी ठेवता येईल. मोठ्या मनाचा विचार. पण शेजार कुणाचा मिळाला तेही लक्षात घ्यावं.

जपानमध्ये १८०३ सालची म्हणून एक कथा सांगतात. हिताची प्रांताच्या किनाऱ्याला एक पोकळ, गोल, भांड्यासारखी नाव लागली. आत परक्या वेशातली एक बाई, हातात पेटी, भाषा कुणाला कळेना. आजकाल लोक ती उडती तबकडी ठरवतात. मला कथेचा शेवट जास्त आवडतो. वर कळवायचं तर खर्च फार येईल, म्हणून गावकऱ्यांनी बाईला पुन्हा नावेत बसवलं आणि नाव समुद्रात लोटून दिली. कथा खरी असो वा नसो, तो तपशील रचणारा माणूस किनाऱ्यावरचाच असणार.

वेंगुर्ल्याचा तो बोया मी दोन वर्षांनी पुन्हा पाहिला. कुणी न्यायला आलं नव्हतं. वाळूतून थोडा वर आला होता, नारिंगी रंग पार गेला होता, आणि त्याच्या कडीला काकांची होडी बांधलेली होती.